मोटारीच्या आतले चरे: मिटणारे आणि नुसते झाकले जाणारे

मोटारीच्या पत्र्यावर चरा उमटला, की मालकाचा जीव खालीवर होतो. आतल्या चऱ्यांकडे मात्र गाडी विकायला काढेपर्यंत सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गणपती आणताना मागे सरकवलेला पाट, पावसाळ्यात दाराच्या कप्प्यात खोचलेली छत्री, चढता-उतरता घासणारे बूट यांनी वर्षानुवर्षे काढलेली नक्षी मग गिऱ्हाइकाच्या नजरेत भरते आणि मालक चमक आणणाऱ्या द्रवाची बाटली घेऊन येतो. दोन दिवस सारे काळेभोर दिसते. त्यानंतर चरे हळूहळू पुन्हा वर येतात.

याचे कारण प्लास्टिकच्या घडणीत आहे. पत्र्यावर रंगाचे थर असतात. आतल्या बहुतेक पॅनेलांवर रंगाचा थरच नसतो. रंगद्रव्य प्लास्टिकमध्येच मिसळून ते साच्यात घातलेले असते. म्हणजे चरा खोल गेला तरी खाली तोच काळा वा राखाडी रंग असतो. तरीही तो पांढरट दिसतो, कारण खरवडलेला पृष्ठभाग प्रकाश विखुरतो. शिवाय दारे व डिकीच्या पॅनेलांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनला ताठपणा यावा म्हणून त्यात बऱ्याचदा शंखजिऱ्याची पूड घालतात. चरा पडला, की ही पांढरी पूड उघडी पडते. पॅनेल उतरवल्यास मागे रोमन लिपीत ‘पीपी’ आणि काही वेळा ‘टीडी२०’ असा ठसा आढळतो. त्याचा क्रिकेटशी संबंध नाही. वजनाने २० टक्के शंखजिरे, एवढाच त्याचा अर्थ.

बाटलीतले तेल वा सिलिकॉन खरवडलेल्या खाचांत भरते, प्रकाशाचे विखुरणे थांबते आणि चरा दिसेनासा होतो. तेल पुसले गेले, की तो परत दिसतो. यात फसवणूक काही नाही, फक्त ती दुरुस्ती नव्हे. हे द्रव स्टिअरिंग आणि पेडलवर मात्र कधीच लावू नये; हात-पाय निसटण्याचा धोका असतो.

उथळ चरा खरोखर मिटवायचा असेल, तर उपाय उष्णतेचा आहे. पॅनेल सौम्य साबणाच्या पाण्याने व मऊ ब्रशने धुऊन कोरडे करावे. मग हॉट एअर गन वीतभर अंतरावर धरून, एका जागी न थांबवता, काही सेकंदच फिरवावी. वरचा पापुद्रा मऊ होऊन पूर्ववत बसू लागतो आणि पांढरेपणा विरत जातो. गडबड होते ती इथेच. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या कितीतरी आधीच पृष्ठभागावरची चामड्यासारखी बारीक नक्षी सपाट होऊ लागते. तसे झाले, की चऱ्याच्या जागी चकचकीत डाग पडतो आणि तो परत जात नाही. म्हणून आधी आसनाखालच्या एखाद्या कोपऱ्यात हात बसवून घ्यावा. जिथे प्लास्टिकच खरवडून निघून गेले आहे, तिथे उष्णतेचा उपयोग नाही.

पॉलिश पेपरचा मोह टाळावा. तो चऱ्याबरोबर नक्षीही घासून काढतो. मग लांबी भरणे, नक्षी पुन्हा उठवणे आणि अख्खे पॅनेल रंगवणे असा खर्चिक फेरा सुरू होतो. त्यातही पॉलिप्रॉपिलीनवर रंग सहजासहजी धरत नाही. त्यासाठी खास प्रायमर आधी मारावा लागतो. तो वगळणाऱ्या कारागिराचे काम काही महिन्यांतच सोलून निघू लागते. एवढ्या खटाटोपापेक्षा जुन्या सुट्या भागांच्या बाजारात त्याच मॉडेलचे पॅनेल शोधणे कित्येकदा स्वस्त पडते.

नव्या गाड्यांतील आरशासारख्या काळ्या पट्ट्यांची गोष्ट वेगळी. तिथे नक्षी नसल्याने प्लास्टिकच्या पॉलिशने बारीक चरे खरेच निघतात. कपडा मात्र मायक्रोफायबरचा हवा. धूळ पुसण्याच्या फडक्यानेच तर ते चरे पडलेले असतात.

काही जागांना हातच लावू नये. स्टिअरिंगचा मध्यभाग, चालकाशेजारच्या प्रवाशासमोरचा डॅशबोर्ड आणि काही गाड्यांत दारालगतचे खांब यांच्या आत एअरबॅग असते. भारतात १ एप्रिल २०२१पासून नव्या मॉडेलमध्ये चालकाशेजारच्या आसनासाठीही ती सक्तीची झाली. अशा आवरणाच्या आतल्या अंगाला मुद्दाम कमकुवत ठेवलेली रेघ असते. अपघातात निमिषार्धात तीच फाटून पिशवी बाहेर येते. त्यावर लांबी, रंग वा उष्णतेचा प्रयोग केल्यास पिशवी अडू शकते किंवा आवरणाचे तुकडे प्रवाशाच्या अंगावर उडू शकतात. तिथला चरा तसाच राहू द्यावा, नाहीतर अधिकृत कार्यशाळेतून भागच बदलून घ्यावा. जुनी गाडी घेणाऱ्यानेही इथेच निरखून पाहावे. बाकी डॅशबोर्ड जुनाट आणि प्रवाशासमोरचा तेवढा तुकडा नवा वा रंगवलेला असेल, तर एअरबॅग पूर्वी कधी उघडली होती का आणि तिच्या जागी नवी बसवली का, हे सौद्याआधी विचारून तपासून घ्यावे.