विद्यार्थ्यांच्या रोबोसाठी जायरो सेन्सर : निवड आणि जोपासना

शाळा-महाविद्यालयांच्या रोबो स्पर्धांमध्ये अलीकडे साध्या नोकरदार व कष्टकरी घरांतील मुलेही भाग घेऊ लागली आहेत, ही समाधानाची बाब आहे. परंतु स्पर्धेचे नाव निघाले की पालकांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पैशाचा. मोटारी, चाके, बॅटरी यांची किंमत कशीबशी समजते. पण मुले जेव्हा 'जायरो सेन्सर हवा' म्हणतात तेव्हा तो काय पदार्थ आहे, दोनशे रुपयांचा घ्यावा की अडीच हजारांचा, हे सांगणारे कोणी भेटत नाही. आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकुनी करणारे. आमचीही हीच अवस्था झाली होती. मुलीच्या संघासोबत वर्षभर जे शिकलो ते इतर पालकांच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

पाच घरांनी प्रत्येकी सहाशे रुपये काढले होते. एकूण तीन हजार. त्यातील एका घरचे पैसे दोन हप्त्यांत आले. इतर सामान घेतल्यावर हाती सातशे रुपये उरले. म्हणजे महाग सेन्सरचा विचार करण्याचा प्रश्नच नव्हता. आणि स्वस्त घेऊन तो वाया गेला तर त्या घराला काय तोंड दाखवणार, ही चिंता होती.

जायरो कशासाठी?

रोबोच्या दोन चाकांना दोन मोटारी असतात. एकाच खोक्यातून काढलेल्या दोन मोटारीसुद्धा अगदी सारख्या वेगाने फिरत नाहीत. त्यामुळे 'सरळ जा' अशी आज्ञा दिलेला रोबो दोन मीटरमध्येच एका बाजूला झुकतो. 'काटकोनात वळ' म्हटले तर बॅटरी ताजी असताना जास्त वळतो आणि उतरल्यावर कमी वळतो. चाकांचे फेरे मोजले तरी चाक घसरले की मोजणी खोटी ठरते. आपण प्रत्यक्षात किती वळलो हे रोबोला सांगणारे काहीतरी हवे. ते काम जायरोचे.

'जायरोस्कोप' हे नाव १८५२ साली फ्रेंच शास्त्रज्ञ फूको याने दिले. त्याच्या यंत्रात जोराने फिरणारे चाक होते. आजच्या चिपमध्ये चाक नसते. नखापेक्षाही लहान अशा त्या चिपमध्ये सिलिकॉनचा सूक्ष्म भाग सतत कंप पावत असतो. चिप वळली की तो भाग किंचित बाजूला ढकलला जातो आणि त्या ढकलण्यावरून वळण्याचा वेग मोजला जातो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. जायरो कोन सांगत नाही, वळण्याचा वेग सांगतो. म्हणजे सेकंदाला किती अंश. कोन काढण्यासाठी तो वेग वेळेने गुणून बेरीज करीत जावे लागते. बँकेत रोजच्या शिलकेवर व्याज काढून ते जमा करीत जावे, तसाच हा हिशेब आहे. व्याज काढताना दिवस चुकले तर रक्कम चुकते. त्याचप्रमाणे प्रोग्रॅममध्ये दोन वाचनांमधील वेळ अंदाजाने न धरता घड्याळावरून प्रत्यक्ष मोजून घ्यावा.

खरी अडचण : सरकणारा कोन

स्वस्त जायरोचा मोठा दोष असा की, तो स्थिर ठेवला तरी शून्य दाखवत नाही. मुलांच्या रोबोंमध्ये सर्रास दिसणारी एमपीयू-६०५० ही चिप घ्या. तिच्या माहितीपत्रकातच शून्यातील ही चूक सेकंदाला २० अंशांपर्यंत असू शकते असे दिलेले आहे. आमच्या चिपमध्ये ती सेकंदाला १.४ अंश निघाली. ऐकायला किरकोळ वाटते. पण अडीच मिनिटांच्या फेरीत, म्हणजे १५० सेकंदांत, त्याचे २१० अंश होतात. रोबो जागचा हललेला नसताना तो अर्ध्या फेऱ्याहून अधिक वळला असे आकडे सांगतात.

हे पाहून मुलगी म्हणाली, "बाबा, सेन्सर खराब आहे. बदलून आणू या." आम्हालाही तसेच वाटले. पण खातेवहीत रोज तेवढ्याच रकमेची चूक येत असेल तर वही फेकून देत नाहीत, ती रक्कम रोज वजा करतात. येथेही तेच करायचे. रोबो जमिनीवर निश्चल ठेवून पाचशे वाचने घ्यावीत, त्यांची सरासरी काढावी आणि पुढील प्रत्येक वाचनातून ती वजा करावी. एवढे केल्यावर आमचा रोबो १५० सेकंदांत सुमारे ४ अंशांवर आला.

निवड करताना

पहिली गोष्ट, खरेदीपूर्वी स्पर्धेची नियमपुस्तिका वाचावी. फर्स्ट लेगो लीगसारख्या स्पर्धेत लेगोचेच सेन्सर चालतात. तेथे बाजारातील चिप कितीही चांगली असली तरी निरुपयोगी. लेगोच्या स्पाइक प्राइम संचाच्या हबमध्ये तर जायरो आधीच बसवलेला असतो. खुल्या स्पर्धांत मात्र निवड आपली.

दुसरी गोष्ट, वेगमर्यादा. एमपीयू-६०५० मध्ये सेकंदाला २५०, ५००, १००० आणि २००० अंश अशा चार मर्यादा प्रोग्रॅममधून निवडता येतात. अर्ध्या सेकंदात काटकोनात वळणाऱ्या रोबोचा सरासरी वेग १८० अंश असतो, पण मध्ये तो बराच वाढतो. २५० ची मर्यादा ओलांडली गेली तर वरचे वळण मोजलेच जात नाही. २००० ठेवल्यास बारकावा कमी होतो. आमच्यासारख्या रोबोला ५०० पुरेसे झाले.

तिसरी गोष्ट, महाग कधी घ्यावा? बॉश कंपनीच्या बीएनओ०५५ सारख्या चिपमध्ये जायरो, त्वरणमापक आणि होकायंत्र यांचा मेळ चिपच घालते आणि तयार कोन देते. प्रोग्रॅमचे कष्ट वाचतात. परंतु होकायंत्राला मोटारींचे चुंबक आणि जमिनीखालचे लोखंड चकवतात. थोड्या मिनिटांच्या फेरीसाठी एवढा खर्च आवश्यक नाही, असे आमचे मत झाले. त्याच पैशात एक जास्तीचा स्वस्त सेन्सर व एक जादा बॅटरी घेणे शहाणपणाचे.

खरेदी आणि पारख

जीवाय-५२१ या नावाने मिळणाऱ्या लहान पट्टीवर एमपीयू-६०५० बसवलेली असते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ती दोनशे रुपयांच्या आसपास मिळते. आम्ही दोन घेतल्या. एका दुकानदाराने 'याने काम होणार नाही' म्हणून महागडी पट्टी पुढे केली होती. आम्ही नम्रपणे नकार दिला. पट्टीवरचे पिन पुष्कळदा सुटे मिळतात, ते नीट डाग देऊन जोडावे लागतात. निम्मी बिघाडे या कच्च्या डागातूनच होतात.

घरी आणल्यावर तीन परीक्षा कराव्यात. एक, चिपला तिचा ओळख-क्रमांक विचारावा. अस्सल एमपीयू-६०५० संगणकाच्या सोळाच्या गणनेत ६८ हे उत्तर देते. दुसरे उत्तर आले तर आत वेगळी चिप आहे असे समजावे. दोन, शून्य वजा केल्यावर अडीच मिनिटे टेबलावर ठेवून कोन किती सरकतो ते लिहून घ्यावे. तीन, जमिनीवर खडूची रेघ मारून रोबोला हाताने दहा पूर्ण फेरे द्यावेत. उत्तर ३६०० अंश यायला हवे. आमचे ३५२८ आले, म्हणजे माप दोन टक्के कमी. प्रत्येक वाचनाला १.०२ ने गुणताच हिशेब जुळला.

वापरताना

सेन्सर जमिनीला समांतर व घट्ट बसवावा. रोबोच्या मध्यभागीच हवा असे नाही; ताठ सांगाड्यावर कोठेही वळण्याचा वेग सारखाच असतो. मात्र मोटारीच्या थरथरीपासून दूर ठेवावा. चालू केल्यावर चिप तापते आणि शून्यही सरकते, म्हणून चार-पाच मिनिटे चालू ठेवून मगच, फेरीच्या अगदी आधी, सरासरी घ्यावी. मैदानाला भिंत असल्यास रोबो पाठीने तिला टेकवून कोन पुन्हा ठरलेल्या अंकावर आणावा.

हे सारे माहीत असूनही पहिल्या स्पर्धेत आम्ही फसलो. पंचांनी घाई केली, आणि एका मुलाने रोबो हातात असतानाच सरासरीचे बटण दाबले. हाताची हालचाल 'शून्य' म्हणून नोंदली गेली. रोबो निघाला तो थेट रेघेबाहेर. ज्या मुलाच्या घरचे पैसे हप्त्याने आले होते, तोच हा मुलगा. घरी येताना तो एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानेच प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती केली : वाचने एकमेकांपासून फार वेगळी आली तर लाल दिवा लागावा आणि रोबोने निघण्यास नकार द्यावा. पुढच्या स्पर्धेत तो दिवा एकदा लागला. मुलांनी रोबो खाली ठेवला, हात मागे घेतले, पुन्हा बटण दाबले. त्या फेरीत चारही काटकोन बरोबर झाले. बक्षीस मिळाले नाही, चौथा क्रमांक आला.

पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे की, स्वस्त वस्तूची लाज मुलांना वाटू देऊ नका. तिची चूक किती, हे त्यांना मोजायला लावा. मोजता आलेली चूक वजा करता येते. दुसरी पट्टी अजून आमच्याकडे तशीच शिल्लक आहे. यंदा नवीन आलेल्या मुलांना शिकण्यासाठी ती द्यायचे ठरले आहे.