मधमाशी नंतर पाहा, आधी स्प्रिंग पाहा

मध्य फ्रान्समधल्या तिएर गावात दर मे महिन्यात ‘कुतेलिया’ हे चाकूंचं प्रदर्शन भरतं. देशोदेशीचे कारागीर आपापल्या टेबलामागे उभे असतात आणि घडीच्या पारंपरिक चाकूंचे संग्राहक तिथे हटकून पोहोचतात. सध्या या मंडळींच्या बोलण्यात एक सरकारी विषयही शिरला आहे. 1 डिसेंबर 2025 पासून युरोपीय संघात हस्तकलेच्या आणि कारखानी वस्तूंनाही संघभर चालणारं भौगोलिक मानांकन मिळण्याची सोय झाली. आधी ही सोय वाइन, चीज अशा खाण्यापिण्याच्या जिनसांपुरती होती. देशपातळीवरची जुनी मानांकनं आता युरोपीय नोंदणीत न्यावी लागतील, आणि चाकूंच्या जगात सगळ्यांची नजर आहे ती ‘लायोल’ या नावावर.

लायोल हे ओब्राक पठारावरचं छोटं गाव. 1829 मध्ये पियर-जाँ काल्मेल यांनी तिथे हा चाकू घडवला असं मानतात. 1880 च्या सुमारास त्याला बुचं काढायचा स्क्रू जोडला गेला. मागणी वाढली तसं काम तिएरकडे गेलं आणि लायोलमधला धंदा जवळजवळ विझला. 1987 मध्ये गावात पुन्हा भट्टी पेटली. पण 1993 मध्ये बाहेरच्या एका व्यावसायिकाने ‘लायोल’ हा शब्द कितीतरी वस्तूंसाठी ट्रेडमार्क म्हणून नोंदवून टाकला. 2012 मध्ये कोर्टात हरल्यावर गावकऱ्यांनी निषेध म्हणून गावाच्या नावाची पाटीच उतरवली. 2019 मध्ये पॅरिसच्या अपील कोर्टाने त्यातले काही ट्रेडमार्क रद्द केले, तेव्हा कुठे गावाला दिलासा मिळाला.

दरम्यान जगभरच्या दुकानांत आशियातल्या कारखान्यांतून आलेले, स्प्रिंगवर लायोलची ओळख असलेली मधमाशी मिरवणारे स्वस्त ‘लायोल’ पसरले. त्यामुळे पात्यावरचं नाव वाचून काहीच कळत नाही. प्रदर्शनाला जायचं ते याचसाठी.

घडीचा पारंपरिक चाकू आपल्याकडच्या रामपुरीसारखा खटक्याचा नसतो. त्यात कुलूप नाही. पाठीतली पोलादी स्प्रिंग पात्याच्या बुडाला दाबून धरते, तेवढ्यावर सगळं चालतं. म्हणून कारागिराची परवानगी घेऊन तो सावकाश उघडायचा. सुरुवातीला दाब, मग सैल वाट, शेवटी ठाम ‘टक्’. हा आवाज फोटोत येत नाही. उघडलेला चाकू उजेडासमोर धरायचा. स्प्रिंग आणि बाजूच्या पट्ट्यांमधून उजेड झिरपला, तर जोडकाम ढिलं आहे. पातं मिटल्यावर मधोमध बसतं का, उघडल्यावर डावी-उजवीकडे हलतं का, हे बोटांना लगेच समजतं. लायोल मिटताना मात्र पातं आपटू द्यायचं नाही. धार आतल्या स्प्रिंगवर आदळून बोथट होऊ शकते. जाणता कारागीर शेवटपर्यंत बोटाने आवरून मिटतो, आणि गिऱ्हाईकही तसंच मिटतं का हे पाहतो.

मधमाशीची पाळी यानंतर. चांगल्या कामात ती स्प्रिंगच्याच पोलादातून घडवलेली असते, वरून डाग देऊन चिकटवलेली नसते. स्प्रिंगच्या पाठीवरची नक्षी हाताने कानस चालवून काढलेली असेल, तर दोन चाकू हुबेहूब सारखे निघत नाहीत. ही मधमाशी नेपोलियनने गावाला बहाल केली, अशी कथा विक्रेते आवडीने सांगतात. नेपोलियन 1821 मध्ये वारला, चाकू 1829 चा. कथा गोड आहे, पण तिच्यापायी पैसे जास्त मोजू नयेत.

मग नाव कोणाचं? मला लायोलच्या कारागिरांची तळमळ पटते. त्यांच्यातले अनेक जण एक चाकू सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्यानेच पुरा करतात. पण तिएरला ‘नकलाकार’ म्हणणं अन्यायाचं आहे. इथे मध्ययुगापासून चाकू बनतात. ड्युरोल नदीच्या पाण्यावर फिरणाऱ्या सहाणेवर इथले शिकलगार फळीवर पालथे पडून धार काढायचे, आणि ऊब मिळावी म्हणून त्यांचा कुत्रा पायांवर बसून असायचा. एक जण घडवणार, दुसरा धार काढणार, तिसरा मूठ बसवणार, अशी कामाची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालली. लायोलमध्ये भट्ट्या थंड होत्या तेव्हा हा चाकू जिवंत राहिला तो या हातांमुळे.

2022 मध्ये फ्रान्सच्या बौद्धिक संपदा कार्यालयाने दोन्ही प्रदेशांना सामावणारं मानांकन मान्य केलं. लायोलच्या कारागिरांनी त्याला विरोध केला, आणि वाद मिटला नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटकाने असाच पेच सामायिक मानांकनाने सोडवला आहे. कोल्हापुरी चपलेचं 2019 चं मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं मिळून आहे. 2025 च्या जूनमध्ये प्राडा या फॅशन कंपनीने मिलानच्या मंचावर तशाच चपला आणल्या, तेव्हा कारागिरांना बोट ठेवायला हा कागद हाताशी होता.

लायोललाही युरोपीय नोंदणीत असंच सामायिक मानांकन मिळावं असं मला वाटतं, पण एका अटीवर. पातं कुठे घडलं, स्प्रिंग कोणी कानसली, जोडणी कुठे झाली, हे नियमात स्पष्ट लिहिलेलं हवं. नाही तर बाहेरून तयार भाग आणून इथे फक्त मूठ बसवणाराही तेच नाव लावेल. तोवर कुतेलियात प्रत्येक टेबलापाशी मी हेच तीन प्रश्न विचारेन, आणि तिन्हींची सरळ उत्तरं देईल त्याच्याकडूनच चाकू घेईन, मग तो तिएरचा असो वा लायोलचा.