म्हातारपणी मोडलेला खुबा

न्हाणीघरात पाय घसरतो, आजी खाली बसतात आणि त्यांना उठता येत नाही. पाय आखूड व बाहेरच्या अंगास वळलेला दिसला, की खुब्याजवळ मांडीचे हाड मोडल्याची दाट शंका घ्यावी. उधना-लिंबायतकडील आपल्या घरांतून अशा वेळी हटकून ऐकू येते, “या वयात चिरफाड कशाला?” परंतु हा विचार महागात पडतो. अंथरुणास खिळलेल्या वृद्धाच्या पाठीस जखमा होतात, छातीत कफ साचतो, पायाच्या शिरांत रक्त गोठते. म्हणूनच शक्यतो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करून दुसऱ्या दिवशी रोग्यास उठवून बसवितात.

ज्यांचे सांधे आधीच आखडलेले, त्यांची अडचण निराळी. ताठ सांध्यात धक्का जिरत नाही. तो शेजारच्या ठिसूळ हाडावर येतो. शस्त्रक्रियेच्या वेळी बहुधा एक पाय ताणून दुसरा फाकवून ठेवतात. ताठ पायास ते साधत नाही, आणि जोर केल्यास आणखी एखादे हाड मोडण्याचे भय असते. अशा रोग्यास साध्या मेजावर, कुशीवर निजवून काम करता येते. कणा ताठ असेल तर कमरेतून भूल देणे कठीण. मान ताठ असेल तर श्वासनलिकेत नळी घालणे कठीण.

हाड कोठे मोडले यावर उपाय ठरतो. मानेशी मोडून सरकले तर वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो व हाड सहसा जुळत नाही. तेथे धातूचा गोळा बसवितात. सांध्याची वाटीही झिजलेली असल्यास सबंध सांधा बदलतात. या शस्त्रक्रियेस इंग्लंडचे जॉन चार्न्ली यांनी १९६२ च्या सुमारास आजचे रूप दिले. मानेखाली मोडले असेल तर हाडात धातूचा दांडा घालून ते जखडतात. मात्र दांड्याने जुना ताठरपणा जात नाही; पूर्वीइतके चालता यावे, एवढाच त्याचा हेतू.

सुरतेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६४ साली निघाले, व त्यास जोडलेले नवे सिव्हिल रुग्णालय आहे. ७० वर्षे व त्यावरील वृद्धांस ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत घेतले आहे. तेव्हा पैशाच्या काळजीने दिवस दवडू नयेत.

घरच्यांनी डॉक्टरांस एक गोष्ट आवर्जून सांगावी: पडण्यापूर्वी पाय किती वळत होता, मांडी घालता येत होती काय, मान वाकत होती काय. वेदनेने कण्हणाऱ्या आजींस ते सांगणे सुचत नाही. आणि शस्त्रक्रियेची सारी आखणी त्यावरच अवलंबून असते.