मासे मरतात ते स्वच्छ पाण्यात

मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात माशांबद्दल कोणाला काही सांगायला जाणं धाडसाचंच. पण बाजारात ताजा मासा ओळखणं वेगळं आणि दोन फुटांच्या काचेच्या टाकीत गोल्डफिश जगवणं वेगळं. नवी टाकी घरात येते, पोरं हरखतात, आणि पहिल्या पंधरा-वीस दिवसांत मासे एकेक करून जातात. मग दोष माशांच्या नाजूकपणावर जातो, दुकानदारावर जातो, कधी कोणाच्या नजरेवरही जातो. खरं कारण बहुतेक वेळा पाण्यात असतं आणि घरच्यांनी काळजीपोटी केलेल्या साफसफाईने ते वाढत जातं.

‘पाणी गढूळ झाला, सगळा बदलून टाक, नायतर मासे मरतले.’

टाकी भरल्यावर दोन-चार दिवसांत पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं होतं. बघणाऱ्याला ती घाण वाटते. प्रत्यक्षात उरलेलं खाद्य आणि माशांची विष्ठा यांवर जगणाऱ्या जिवाणूंची ती एकदम झालेली वाढ असते. हे जिवाणू काही तासांत कित्येक पटींनी वाढतात आणि अन्न संपलं की आपोआप कमी होतात. खाद्य कमी टाकलं, हवेचा पंप चालू ठेवला, तर आठवडाभरात पाणी निवळतं. सगळं पाणी बदललं तर दोन दिवसांनी पुन्हा तोच प्रकार.

टाकीला गरज असते ती दुसऱ्याच जिवाणूंची. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो आणि तो त्याच्यासाठीच विष असतो. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बऱ्याच प्रमाणात मासा सोसतो. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे काम करणारे जिवाणू वेगळे करून दाखवले. ते फार सावकाश वाढतात. दुप्पट व्हायला साधारण एक दिवस किंवा जास्तही लागतो. म्हणून नवी टाकी ‘बसायला’ चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. त्यांची वस्ती पाण्यात फारशी नसते; फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, काचेवर ती चिकटून असते. त्यामुळे चौथा हिस्सा पाणी बदलल्याने काही बिघडत नाही, पण स्पंज नळाखाली खळखळून धुतला की महिन्याची कमाई पाच मिनिटांत जाते. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, नुसता पिळून.

‘पाणी काचेसारखं आहे, म्हणजे चांगलंच आहे.’

अमोनियाला रंग नाही, नायट्राइटलाही नाही. पाणी नितळ दिसत असताना मासा पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकत असेल, तर नायट्राइटचा संशय घ्यावा. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काढून घेतं. रक्त तपकिरी होतं आणि पंप चालू असूनही मासा गुदमरतो. अशा वेळी थोडं पाणी बदलून लिटरमागे अर्धा ते एक ग्रॅम मीठ विरघळवून घातलं तर मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून आत शिरणारं नायट्राइट अडवतं. थेंब टाकून रंग बघायचं अमोनिया आणि नायट्राइटचं टेस्ट किट माशांच्या आधी विकत घ्यावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. दुकानातून मिळणारं निळं औषध सरसकट टाकीत ओतू नये. ते बुरशीवर चालतं, पण वस्तीला आलेल्या जिवाणूंनाही मारतं.

‘आमचं विहिरीचं पाणी. त्यात कुठला आलाय क्लोरीन?’

पावसाळ्याच्या तोंडावर आणि साथीच्या दिवसांत गावोगावच्या सार्वजनिक विहिरींत टीसीएल पावडर टाकली जाते. माणसांसाठी ती आवश्यकच आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार निर्जंतुक केलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवा, आणि माशाच्या कल्ल्यांना तेवढाही त्रासदायक ठरतो. असं पाणी उघड्या टपात हवेचा पंप सोडून एक दिवस ठेवावं किंवा दुकानात ‘अँटिक्लोरीन’ म्हणून मिळणारं सोडियम थायोसल्फेट मापात घालावं. मात्र पाणी रात्रभर मुरवलं म्हणजे टाकी तयार झाली, असं मानू नये. त्याने क्लोरीन जातो. जिवाणू येत नाहीत.

आपल्या पाण्याची खरी खोच त्यापुढे आहे, आणि शहरात लिहिलेल्या माहितीपत्रकांत ती सापडत नाही. सिंधुदुर्गात मोठा भाग जांभ्या दगडाचा. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस त्यातून झिरपतो, म्हणून बऱ्याच विहिरींचं पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. अशा पाण्यात अमोनिया बहुतांशी अमोनियम या सौम्य रूपात राहतो. पाण्याचा पीएच ७ असेल तर आपल्याकडच्या उष्म्यात विषारी रूप शंभरात एक भागाहूनही कमी. पीएच ८ झाला की तेच सहा-सात भाग. म्हणजे मासे तगून राहतात आणि आपण निर्धास्त होतो. पण जिवाणू काम करताना पाण्यातली क्षारता खातात. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सुमारे सात मिलिग्रॅम. मऊ पाण्यात मुळात ती थोडी, लवकर संपते. पीएच सहाच्या आसपास घसरला की जिवाणूंचं काम जवळपास थांबतं आणि अमोनिया साचत जातो. अशात कोणी चुन्याची निवळी ओतली की पीएच एकदम चढतो, साचलेला सौम्य अमोनिया विषारी रूपात येतो आणि सकाळी टाकी रिकामी.

यावर उपाय स्वयंपाकघरातच आहे. तिसऱ्यांचे रिकामे शिंपले उकळून, घासून, उन्हात वाळवून जाळीच्या पिशवीत फिल्टरच्या प्रवाहात ठेवावेत. पाणी जितकं आम्लधर्मी, तितके ते जास्त विरघळतात; त्यामुळे क्षारता हळूहळू भरून येते. हे टाकी मांडतानाच करावं. अमोनिया साचल्यानंतर आधी थोडं थोडं पाणी बदलून तो उतरवावा, मग शिंपले. किनाऱ्यालगतच्या काही विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, तिथे अर्थातच त्यांची गरज नाही. बोअरवेलचं पाणी ठेवल्यावर तांबूस झालं तर त्यात लोह आहे. ते निवळू देऊन वरचं पाणी घ्यावं.

‘पहिले चार मासे मरतातच, नंतरचे टिकतात.’

हे वाक्य मला सहन होत नाही. मासे बळी न देताही टाकी बसवता येते. एक सुंगट पातळ कापडात बांधून पाण्यात सोडायचं. ते कुजताना अमोनिया सुटतो आणि जिवाणूंना खाद्य मिळतं. किटवर आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं की सुंगट काढून टाकावं, अर्धं पाणी बदलावं आणि पहिले दोन-तीन मासे सोडावेत. ओळखीच्या निरोगी टाकीतला वापरता स्पंज ओला ठेवून आणला तर हा काळ बराच घटतो. कुडाळ तालुक्यातल्या मुळदे इथे कोकण कृषी विद्यापीठाचं शोभिवंत माशांचं केंद्र आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने एकदा तिथे जाऊन यावं.

‘समुद्र दारात आहे, मग खाऱ्या पाण्याचीच टाकी करू.’

खाऱ्या टाकीलाही अमोनियाचा हाच फेरा पार करावा लागतो, आणि समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या वर असल्याने तिथे चूक अधिक महागात पडते. शिवाय प्रवाळ आणि समुद्रघोड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मालवणच्या खडकांतून ते घरी आणणं गुन्हा आहे.

पावसाळ्यात वीज गेली की मात्र धावपळ करावी लागते. फिल्टरच्या बंद डब्यातले जिवाणू प्राणवायूवर जगतात. पाणी काही तास थांबलं की ते मरू लागतात. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप घरात असावा, आणि वीज बराच वेळ गेली असेल तर फिल्टर चालू करण्याआधी डब्यातलं साचलेलं पाणी बाहेर ओतून टाकावं. त्या दिवशी माशांना खाद्य घालू नये.