भुकटीला चेहरा नसतो

२०२०मध्ये महाराष्ट्रातल्या किती कुंपणांवरची गुळवेल ओरबाडली गेली, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. करोनाच्या धास्तीने घरोघरी काढे उकळत होते. ऑक्टोबरमध्ये आयुष मंत्रालयाने काढलेल्या उपचार-नियमावलीत गुडूची घनवटी, म्हणजे गुळवेलीच्या अर्काची गोळी, होती, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर ती केव्हाचीच होती. शहापूर तालुक्यातले कातकरी तरुण जंगलातून कांड्या गोळा करून औषध कंपन्यांना टनांवारी पुरवत होते. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सगळ्यांच्या सांगण्यात एक गोष्ट समान होती: गुळवेल.

२०२१मध्ये या नोंदी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या आणि वाद पेटला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती का, हे डॉक्टरांनी तपासलेले नाही, असा मंत्रालयाचा आक्षेप होता. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हणजे आपली गुळवेल; तिच्याऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची बहीण पोटात गेली असेल, असे मंत्रालयाचे म्हणणे. २०२२मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांमधून ४३ रुग्णांचा अभ्यास आला. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटते तशी लक्षणे त्यातल्या अनेकांत होती. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकल्यावर सामान्य माणसापुढे उरतो तो साधा प्रश्न: माझ्या डबीत आहे तरी काय?

नावातच ओळख

जुन्या वैद्यांकडे या प्रश्नाचे उत्तर होते, आणि ते त्यांनी नावांतच गुंफून ठेवले. गुळवेलीचे एक संस्कृत नाव चक्रलक्षणिका: खोड आडवे कापले की आत चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसतात. दुसरे छिन्नरुहा: तोडली तरी पुन्हा फुटते. तिसरे कुंडलिनी: वेटोळे घालत चढते. ही नावे म्हणजे ओळख पटवण्याच्या खुणाच. मंत्रालयाने नंतर प्रसिद्ध केलेला फरकही याच जातीचा आहे. गुळवेलीचे खोड हिरवे, त्यावर गाठी नाहीत, कापल्यावर दुधाळ चीक नाही, फळ गोल आणि लाल. क्रिस्पाचे खोड राखाडी, गाठाळ, चीक दुधाळ, फळ लांबट. शिवाय टिनोस्पोरा सायनेन्सिस ही लवदार पानांची तिसरी बहीणही गुळवेल म्हणून बाजारात येते.

हे सगळे वेल डोळ्यांपुढे असताना. ती वाळवून दळली की चाक गेले, गाठी गेल्या, चीकही गेला. भुकटीला चेहरा नसतो. चवीवर विसंबावे, तर क्रिस्पाही कडूच. म्हणून डबीवर छापलेला ‘कडवे घटक अमुक टक्के’ हा आकडा कडूपणा सांगतो, कूळ सांगत नाही.

राख काय सांगते

मग प्रयोगशाळा ओळखते कशी? आयुर्वेदिक फार्माकोपियात गुळवेलीसाठी कसोट्या दिल्या आहेत. परका कचरा २ टक्क्यांपेक्षा जास्त नको. जाळल्यावर उरणारी राख १६ टक्क्यांच्या आत हवी, आणि आम्लात न विरघळणारी राख ३ टक्क्यांच्या आत. ही दुसरी राख म्हणजे मुख्यतः माती आणि वाळू. माल नीट धुतला नसेल तर ती चुगली करते. पाण्यात उतरणारा अंश किमान ११ टक्के हवा. एकदा अर्क काढून घेतलेला चोथा पुन्हा दळून विकला, तर तो इथे पकडला जातो.

पण या कसोट्या मालाचा कस सांगतात, जात नव्हे. जात ओळखायला सूक्ष्मदर्शक लागतो, आणि एचपीटीएलसी नावाची पद्धत. तीत अर्काचे थेंब एका पातळ थरावर चढवतात. घटक वेगवेगळ्या उंचीवर थांबतात आणि पट्ट्यांची एक नक्षी उमटते. ती अस्सल नमुन्याच्या नक्षीशी ताडून पाहतात. अस्सल नमुना मात्र कोणीतरी आधी झाड पाहूनच ठरवलेला असतो. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रह जपले जातात, ते यासाठीही.

चाचणी चुकीची निवडली तर निकालावर विश्वास राहत नाही. २०१५मध्ये न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी चार मोठ्या दुकानसाखळ्यांमधली हर्बल उत्पादने डीएनए-चाचणीने तपासली. लेबलवरच्या वनस्पतीचा डीएनए फक्त २१ टक्के चाचण्यांत सापडला. गदारोळ झाला, पण तज्ज्ञांनी लगेच बोट ठेवले: अर्क काढताना डीएनए मोडतो किंवा गाळला जातो. तो सापडला नाही म्हणून वनस्पती नव्हतीच, असे ठरत नाही. चूर्णाला जी कसोटी चालते ती अर्काला चालेलच असे नाही.

जात पटली तरी स्वच्छता उरतेच. वनौषधींत शिसे दहा लाख भागांत १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भागांपेक्षा जास्त चालत नाही. साल्मोनेला आणि ई. कोलाय तर अजिबात नकोत. मुदतीचेही तसेच. शार्ङ्गधर संहिता या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथाच्या मते चूर्णाचा जोम दोन महिन्यांत उतरतो, आणि गुळवेल तर ताजीच वापरावी. आजच्या नियमांत चूर्णाला दोन वर्षांची मुदत मिळते. बंद डबीने माल टिकतो हे खरे. पण उघडून ओट्यावर ठेवलेल्या डबीला शार्ङ्गधराचाच हिशेब लावलेला बरा.

एक वेल, दोन दरवाजे

हीच गुळवेल दुकानात दोन दरवाजांनी येते. आयुर्वेदिक औषध म्हणून आली, तर तिला १९४०चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागू होतो. पूरक आहार म्हणून आली, तर अन्नसुरक्षेचे नियम. पहिल्या डबीवर उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो, दुसरीवर एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक. महाराष्ट्रात दोन्हींवर देखरेख अन्न व औषध प्रशासनाचीच. पण परवाना कारखान्याला मिळतो, तुमच्या हातातल्या डबीला नाही. जुन्या आयुर्वेदिक ग्रंथांत नाव असलेल्या पाठाला परवाना देताना रुग्णांवरच्या चाचण्यांचा पुरावा मागितला जात नाही, हेही लक्षात असू द्यावे.

म्हणून डबी घेताना काही गोष्टी पाहाव्यात. वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग लिहिला आहे का. गुळवेलीचे खोड हवे. चूर्ण आहे की अर्क, आणि अर्क असेल तर किती वनस्पतीपासून किती. बॅच क्रमांक आहे का. त्या बॅचचा तपासणी अहवाल उत्पादकाकडे मागावा. जो देतो त्याचा माल घ्यावा.

आणि सगळ्या कसोट्यांना उतरलेली अस्सल गुळवेलही प्रत्येकाला मानवेलच असे नाही. यकृताचा जुना आजार किंवा प्रतिकारयंत्रणेचा विकार असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. घेत असताना डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, तर औषध तिथल्या तिथे थांबवावे, पण डबी फेकू नये. ती घेऊनच दवाखान्यात जावे. मुंबईतल्या सहा रुग्णांवरचा वाद अडला तो नेमका इथेच: त्यांच्या पोटात काय गेले होते?