निरोप पोचला काय?



दौंड स्थानकावर रात्री गाडी थांबली, की उतारू चहाच्या शोधात फलाटावर उतरतात. इंजिनापाशी काय चालले आहे, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तेथे जुना चालक उतरतो, नवा चढतो. या नव्या चालकाच्या हाती तत्पूर्वीच एक कागद पडलेला असतो. पुढल्या वाटेवर अमुक किलोमीटरपासून तमुक किलोमीटरपर्यंत रूळदुरुस्ती चालू आहे, सबब तेथे वेग इतकाच ठेवावा, असा त्यातला मजकूर. रेल्वेच्या बोलीत याला ‘कॉशन ऑर्डर’ म्हणतात. कागद दिला म्हणजे काम झाले, असे रेल्वे मानीत नाही. चालकाने व गार्डाने (२०२२ पासून गार्डास ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणू लागले आहेत, माणूस तोच) तो मिळाल्याची सही करावी लागते. याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. वाटेत सावधगिरीचे एकही ठिकाण नसेल, तरीदेखील कागद द्यावयाचा असतोच, आणि ‘काही नाही’ एवढेच त्यावर नमूद केलेले असते.

हा कागदाचा अपव्यय आहे, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. परंतु कागद मुळीच मिळाला नाही, तर चालकाने काय समजावे? वाट निर्धोक आहे असे, की कागद देणारा विसरला असे? मौनाचे दोन अर्थ होतात, आणि त्यांतला एक प्राणावर बेतणारा असतो.

मोठ्या कंपनीने आपल्या नोकरमाणसांशी कसे बोलावे, हा आजचा विषय. त्याचा आरंभ दौंडपासून करण्याचे कारण असे, की हे गाव रेल्वेवर वाढले. जी. आय. पी. रेल्वेचा पुण्याहून सोलापुराकडे जाणारा मार्ग येथून गेला, १८७८ साली मनमाडचा फाटा निघाला आणि दौंड मोठे जंक्शन झाले. एकमेकांचे तोंडही न पाहणाऱ्या शेकडो माणसांना एकच गोष्ट अचूक कळविण्याचा प्रश्न येथे रोजचा आहे. पूर्वी चालकाला कामावर बोलाविण्यासाठी त्याच्या घरी कॉलबॉय जात असे. तोही नुसता हाक मारून परतत नसे. आपल्या वहीत वेळ घालून चालकाची सही घेत असे. फाटकावरच्या माणसाची रीत तर याहूनही पाहण्याजोगी. स्टेशनमास्तर दूरध्वनीवरून गाडी येत असल्याचे सांगतो आणि फाटकवाला फाटक लावून आपल्याजवळच्या तक्त्यातला एक दोन आकडी अंक त्याला सांगतो. त्या अंकास ‘प्रायव्हेट नंबर’ म्हणतात. एकदा वापरला, की तो खोडला जातो. नुसत्या ‘हो, हो’वर गाडी सोडावयाची नाही, एवढाच त्याचा अर्थ. इंजिनातही सिग्नल दिसताच एक जण त्याचा रंग मोठ्याने उच्चारतो व दुसरा तोच पुन्हा उच्चारतो. थोडक्यात, निरोप पूर्ण केव्हा होतो? सांगणाऱ्याच्या तोंडून निघाला तेव्हा नव्हे, तर ऐकणाऱ्याच्या तोंडून परत आला तेव्हा.

आता दौंडहून भीमा ओलांडून उत्तरेस शिरूर तालुक्यात चला. रांजणगाव हे आपणांपैकी बहुतेकांना महागणपतीमुळे ठाऊक असते. त्याच रांजणगावी आता औद्योगिक वसाहत आहे. शीतकपाटे, मोटारी आणि नाना प्रकारची यंत्रे तेथे तयार होतात. मालक कोणी कोरियाचे, कोणी इटलीचे, कोणी अमेरिकेचे. कामगार शिरूरचे, मराठवाड्यातले, तसेच बिहार, उत्तर प्रदेश व ओडिशा या प्रांतांतले. त्यांतले कित्येक कंपनीचे, तर कित्येक ठेकेदाराचे. एका निरोपाला किती भाषांची व किती हातांची वाट काढावी लागते, ते यावरून दिसेल.

या ‘हातां’चा इतिहास जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांत मालक आणि कामगार यांच्यामध्ये मुकादम उभा असे. नोकरी लावणारा तो, काढणारा तो, वरचा हुकूम खाली सांगणारा तो, आणि खालची तक्रार वर नेणारा, किंवा न नेणाराही, तोच. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीचे दोष दाखवून गिरण्यांत स्वतंत्र कामगार अधिकारी व समित्या असाव्यात, अशी शिफारस केली. पुढे १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यात १०० वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी अशा समित्यांची तरतूद झाली. तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत, असेही घातले गेले. १९४८ च्या कारखाने कायद्याने तर सूचना बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेतही, मुख्य दाराजवळ, स्वच्छ व वाचता येईल अशा स्थितीत लावाव्यात असे सांगितले. भोपाळची दुर्घटना १९८४ ची. तीनंतर १९८७ साली त्याच कायद्यात भर पडली, की घातक पदार्थांच्या कारखान्यांनी धोका कोणता व त्यावर उपाय कोणता, हे कामगारांना व शेजारच्या वस्तीलाही कळविले पाहिजे. दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. तेथील माणसांना या शब्दांचे मोल निराळे सांगावयास नको.

कायदा सूचना लावावयास लावू शकतो. ती समजेल अशी लिहिणे मात्र लिहिणाऱ्याच्या हाती असते. या बाबतीतला माझाच एक अपराध सांगतो. याच भागातील एका कारखान्याच्या कचेरीत मी काही वर्षे होतो. एकदा दुसऱ्या पाळीची वेळ अर्ध्या तासाने पुढे न्यावयाची होती आणि त्यासाठी बसगाड्यांचे मार्ग बदलावयाचे होते. वरून इंग्रजी मसुदा आला. मी त्याचे मराठी केले: ‘येत्या एक तारखेपासून दुसऱ्या पाळीच्या व्यवस्थेची पुनर्रचना करण्यात येत असून संबंधितांनी याची नोंद घ्यावी.’ वाक्य मला निर्दोष वाटले. व्याकरणाने ते होतेही. दुसऱ्या दिवशी उपाहारगृहात एकच बोलवा झाली, की दुसरी पाळी बंद होणार आणि ठेक्यावरची माणसे जाणार. आम्ही कचेरीतले लोक दोन दिवस गप्प राहिलो; आमच्या मते सांगावयाचे ते सांगून झाले होते. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराकडची दोन मुले आपले चंबूगबाळे आवरून गावी निघून गेली. दुसरीकडे काम शोधलेले बरे, असे त्यांनी ठरविले. ती परत आली नाहीत.

त्या संध्याकाळी एक जुना कामगार मला म्हणाला, “साहेब, कागद मी दोनदा वाचला. पण माझं काय होणार, ते त्यात कुठंच नाही.” इतकी नेमकी टीका माझ्या लेखनावर पूर्वी कोणी केली नव्हती. कामगार सूचना वाचतो ती स्वतःविषयी वाचतो: नोकरी राहणार की नाही, पगार किती, घरी केव्हा पोचणार. या तिहींपैकी जे बदलत नसेल तेही लिहावे लागते. माझ्या सूचनेत ‘कोणाचीही नोकरी जाणार नाही’ हे चार शब्द असते, तर ती मुले राहिली असती. रेल्वेचा ‘काही नाही’ असा कागद मला पुढे कळला, तेव्हा प्रथम हीच सूचना आठवली.

अलीकडे व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर धाडला, की निळ्या खुणा पाहून कचेरी निश्चिंत होते. खूण एवढेच सांगते, की मजकूर उघडला गेला. फाटकवाल्याच्या अंकाची सर तिला नाही. त्या अंकामागे फाटक खरोखर लावलेले असते. शिवाय यंत्रापाशी मोबाइल नेण्यास अनेक ठिकाणी बंदी असते, मग निरोप पाळी सुटल्यावर बसमध्ये वाचला जातो, आणि तेथे त्याचा अर्थ लावणारे पुष्कळ असतात, पण खुलासा करणारा कोणी नसतो.

माझा अनुभव असा, की बदलाची बातमी प्रथम पर्यवेक्षकाला, सविस्तर, त्याच्या शंका फिटेपर्यंत सांगावी. कामगार विचारणार त्यालाच. त्याला स्वतःला ती फलकावरून कळली, तर तो खांदे उडवितो, आणि त्या खांद्यांचा अर्थ साऱ्या विभागाला तत्काळ समजतो. मग पाळीच्या आरंभी दहा मिनिटे सर्वांना, कंपनीच्या व ठेकेदाराच्या माणसांना एकत्रच, मराठीत आणि हिंदीत सांगावे. ‘समजले ना?’ असे विचारू नये. त्याला होकारच मिळतो. ‘सोमवारी तू घरून किती वाजता निघणार?’ असे विचारावे.

पुढच्या खेपेस आम्ही तसेच केले. बसचे नवे वेळापत्रक मी स्वतः वाचून दाखविले आणि पहिल्या रांगेतल्या एका तरुणाला हाच प्रश्न केला. त्याने क्षणभर हिशेब केला आणि म्हणाला, “साहेब, मी न्हावऱ्याचा. तुमच्या या कागदात न्हावऱ्याचा थांबाच नाही.” आम्ही तक्ता पाहिला. खरोखरच नव्हता.