मिनिटाला एक केल्विन

पहाटे ५:२०

धायरीतल्या दोन खोल्यांच्या घरात पहिला दिवा स्वयंपाकघरात लागतो. ती आधी फोन बघते. रात्री साडेअकराला विभागाच्या वॉचमन काकांनी फोटो पाठवलाय. फर्नेसच्या खिडकीत लाल आकडे: ९००. म्हणजे वीज गेली नाही. कंट्रोलर जुना आहे. वीज जाऊन आली की तो पहिल्यापासून सुरू होतो आणि रात्र वाया जाते. काकांना फर्नेसमध्ये काय आहे ते ठाऊक नाही. आकडा किती यायला हवा ते पक्कं ठाऊक आहे.

मग कणीक. भेंडी, पोळ्या, तीन डबे. तिचा, नवऱ्याचा आणि चार वर्षांच्या मुलीचा. मुलीला शाळेच्या रिक्षात बसवणं सासूबाईंकडे. रिक्षाचे महिन्याला दीड हजार.

सकाळी ८:४०

रेनकोट दाराबाहेर टांगून ती लॅब उघडते. वय एकतीस. भौतिकशास्त्रात पीएच.डी., पाचवं वर्ष. मला दिवसभर सोबत राहू द्यायला तिच्या अटी होत्या. नाव नको, संस्थेचं नाव नको, फोटो नको. ‘आणि मी वजन करत असताना काही विचारायचं नाही.’

फर्नेस रात्री बंद झालीय, पण आत अजून धग आहे. चिमट्यानं ती मूस बाहेर काढते. आत पांढरी पावडर, लँथॅनम ऑक्साइड. ही पावडर हवेतलं पाणी ओढते. पुण्यातल्या जुलैत तर बाटली उघडायचा अवकाश. ओल धरलेली पावडर तोलली, तर काटा लँथॅनम म्हणून पाण्याचंही वजन दाखवणार आणि पुढचं सगळं गणित चुकणार. म्हणून आदल्या संध्याकाळी भाजायची आणि सकाळी कोमट असतानाच तोलायची.

काट्याच्या काचा बंद. पंखा बंद. लँथॅनम ऑक्साइड २.६८७ ग्रॅम. कॅल्शियम कार्बोनेट ०.७०८. मँगनीज डायऑक्साइड २.०४९. यातून वायू उडून गेले की पाच ग्रॅम मँगनाइट उरेल. चुंबकाजवळ नेलं की याचा विद्युतरोध झपाट्यानं उतरतो. का उतरतो, आणि कॅल्शियमच्या जागी थोडं दुसरं काही घातलं तर काय होतं, हा तिच्या प्रबंधाचा विषय. आजचा घाणा तुलनेसाठी, काहीही न घातलेला.

काटा स्थिर होईपर्यंत ती श्वास रोखते. मीही रोखला.

सकाळी ९:३०

आता खल. अकीकाचा, तळहातापेक्षा थोडा मोठा, बत्ताही अकीकाचा. तिन्ही पावडरी एकत्र करायच्या, थोडं अ‍ॅसिटोन घालायचं आणि घोटायचं. तीन तास. मास्क, हातमोजे, केस बांधलेले. बत्ता गोल फिरतो, कडेची पावडर मध्ये ओढली जाते, अ‍ॅसिटोन उडतं, पुन्हा घालायचं. दर दहा मिनिटांनी हात बदल.

यंत्र नाही का? आहे. बॉल मिल शेजारच्या लॅबमध्ये आहे, तिला रांग आहे, आणि आधी कुणी काय दळलं ते भांड्यांना चिकटून असतं. खल तिचा स्वतःचा आहे. म्हणजे संस्थेचाच, पण पाच वर्षांत त्यात दुसऱ्या कुणाचं काही घोटलेलं नाही.

उजव्या मनगटाला पट्टा आहे, मेडिकलमधून १८० रुपयांना आणलेला. डॉक्टरांनी विचारलं, घरी वाटण-घाटण जास्त करता का? ती हो म्हणाली. समजावून सांगायला वेळ नव्हता.

अकरा वाजता चहा. कपाला बारा रुपये. बत्ता एमएस्सीच्या प्रोजेक्टवाल्या मुलीच्या हातात देऊन ती पाच मिनिटं उभी राहते. मुलगी घोटता घोटता म्हणते, ‘ताई, नेट निघाली तरी पप्पा पीएच.डी.ला हो म्हणतील असं वाटत नाही. पाच वर्षं म्हटलं की ते पुढचं ऐकतच नाहीत.’

‘मग तीन सांग.’

‘तीन वर्षांत होते?’

‘नाही.’

दुपारी १:००

डबा. टेबलाभोवती सहा जण, त्यात चार मुली. एमएस्सीच्या वर्गातही मुलीच जास्त. बाहेरच्या बोळातून दारांवरच्या पाट्या वाचत चालत गेलं, तर बाईचं नाव यायला बरंच चालावं लागतं. हे मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, ‘भेंडी घ्या.’

दुपारी २:१५

राखाडी झालेली पावडर मुशीत भरून फर्नेसमध्ये. मिनिटाला पाच अंश या वेगानं १,००० अंशांपर्यंत, तिथं बारा तास. म्हणजे संध्याकाळी साडेपाचपासून पहाटे साडेपाचपर्यंत. आकडे भरताना ती मोठ्यानं बोलते, शेजारच्यालाही ऐकायला लावते. एकदा शून्य जास्त पडलं तर फर्नेसची तार जाते.

दुपारी ३:००

गेल्या महिन्यात दाबून, भाजून ठेवलेली एक पेलेट आज मोजायची आहे. हायड्रॉलिक प्रेसखाली पाच टनांत दाबलेली चकती, त्यातून कापलेली छोटी काळी कांडी. तिच्यावर चार तारा बसवायच्या, केसाएवढ्या तांब्याच्या. बाहेरच्या दोन तारांतून करंट सोडायचा, आतल्या दोन तारांवर व्होल्टेज मोजायचं. म्हणजे सांध्यांचा रोध मोजणीत येत नाही.

डाव्या हातात चिमटा, उजव्या हातात टूथपिक, टोकावर सिल्व्हर पेस्टचा ठिपका. भिंग. पंखा पुन्हा बंद. तिसरी तार दोनदा निसटते. ती शिवी देत नाही, ‘चला’ म्हणते. ही पेस्ट महाग. अशा किरकोळ खर्चासाठी फेलोशिपबरोबर आता वर्षाला २५,००० रुपये मिळतात, पण आधी स्वतःच्या खिशातून, मग बिलं, मग सह्या. तिच्या कप्प्यात बिलांची एक पिशवीच आहे.

दुपारी ४:३०

नमुना गार करायचा म्हणून लिक्विड नायट्रोजन आणायला तळमजल्यावर जायचं. दहा लिटरचं डेवार, म्हणजे थर्माससारखं भांडं, भरलं की पंधरा किलोच्या आसपास जातं. एक कडी तिच्या हातात, एक लॅब असिस्टंट दादांच्या. बोळातून दोघं पावलं जुळवत येतात. आत उणे १९६ अंश, म्हणजे ७७ केल्विन.

जाड निळे हातमोजे एकाच मापाचे, मोठ्या हातांसाठी घेतलेले. तिच्या बोटांपुढे इंचभर रिकामं लोंबतं. ती मनगटाशी रबरबँड लावते. दार सताड उघडं, कारण नायट्रोजन खोलीतला ऑक्सिजन हटवतो. मग नरसाळ्यातून हळूहळू नमुन्याच्या भांड्यात. आधी नुसताच फुसफुसाट, वाफ, जमिनीवरून धुकं. भांडं गार झाल्यावर कुठं द्रव थांबायला लागतो.

संध्याकाळी ५:३०

स्क्रीनवर ८० केल्विन. आता नमुना तापवत ३०० पर्यंत न्यायचा आणि वाटेत रोध मोजत राहायचं. मिनिटाला एक केल्विन ठेवलं तर २२० मिनिटं. संपायला रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं.

सासूबाईंचं भजनी मंडळ आठला. नवऱ्याची सेकंड शिफ्ट.

ती कागदावर हिशेब मांडते. ८० ते २२० मिनिटाला तीन केल्विन. तिथं वक्र साधा आहे, थोडा धूसर आला तरी चालेल. २२० ते २८० एकच केल्विन, कारण रोधाचं शिखर तिथं आहे. पुढं पुन्हा तीन. एकूण ११४ मिनिटं. सव्वासात-साडेसातला मोकळी.

‘गाइड सरांना चालतं?’

‘शिखर नीट आलं की चालतं. लेखात वेग लिहितेच मी.’

मला अ‍ॅना मणी आठवल्या, भौतिकशास्त्रज्ञ. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्या हिऱ्यांच्या वर्णपटांचे फोटो घ्यायच्या. एकेका काचेला पंधरा-वीस तास प्रकाश द्यावा लागे, म्हणून रात्री लॅबमध्येच काढायच्या. १९४५ मध्ये प्रबंध दिला. पदवी मिळाली नाही, कारण एमएस्सी केलेली नव्हती. पुढे त्या हवामानखात्यात गेल्या, इथं पुण्यात उपकरणं बनवली. लग्न केलं नाही. हे शेवटचं वाक्य पुरुष शास्त्रज्ञाबद्दल लिहिताना मी गाळलं असतं.

संध्याकाळी ६:१५

वक्र सरकतोय. बसल्या बसल्या ती पैशांचं सांगते. पहिली दोन वर्षं जेआरएफ म्हणजे कनिष्ठ फेलोशिप, नंतर एसआरएफ म्हणजे वरिष्ठ. जानेवारी २०२३ पासून या दोन्हींच्या रकमा महिन्याला ३७,००० आणि ४२,००० रुपये झाल्या, वर घरभाडं. बरी रक्कम आहे, तिचं तिलाही मान्य. पण ती दर महिन्याला येत नाही. मागच्या वर्षी चार महिने काहीच आलं नाही, मग एकदम आलं. मधल्या काळात सोसायटीचा मेंटेनन्स नवऱ्यानं भरला आणि दिरानं जेवताना विचारलं, वहिनी, हे शिक्षण आहे की नोकरी?

बाईला पीएच.डी.ची कमाल मुदत दोन वर्षं जास्त मिळते. बाळंतपणासाठी, मुलासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. हे नियमात आहे. फेलोशिप मात्र पाच वर्षांवर थांबते.

संध्याकाळी ७:२५

शिखर २४७ केल्विनला. ती २५० च्या पुढची वाट बघत होती. ‘ऑक्सिजन कमी पडला असणार. पुन्हा भाजावी लागेल.’ चेहऱ्यावर फार काही दिसत नाही. फाइल दोन ठिकाणी सेव्ह, करंट बंद, व्हॅक्यूम पंप बंद, रेनकोट.

रात्री ८:१०

सासूबाई दारातच टाळ घेऊन उभ्या. ‘दहा मिनिटं उशीर झाला गं.’ ‘हो आई, सिंहगड रोडला पाणी साचलं होतं.’ आमटीला फोडणी, मुलीचा अभ्यास म्हणजे रंगवलेलं गाजर, जेवण, गोष्ट.

रात्री १०:३०

लॅपटॉप. प्रबंधाची पाच प्रकरणं झालीत, दोन बाकी. फेलोशिपचा शेवटचा महिना नोव्हेंबर.

सकाळची पावडर आत्ता १,००० अंशांवर आहे. पहाटे साडेपाचला बारा तास भरतील, गार व्हायला दुपार होईल. मग ती बाहेर काढून पुन्हा तीन तास खलायची आणि पुन्हा भाजायची. एका नमुन्याला असं तीनदा करावं लागतं.